आधी ताडून पाहू, मग मोजू



आपल्या घरातलं बोलणं जरा कान देऊन ऐका. "चिमूटभर मीठ टाक." "पसाभर तांदूळ जास्त घे, पाहुणे आहेत." "डाळीवर चार बोटं पाणी राहू दे." "मळा इथून हाकेच्या अंतरावर आहे." "विहीर चांगली पाच परस खोल आहे." यात कुठं पट्टी नाही की तराजू नाही, आणि तरीही हे सगळं मोजमापच आहे. मूल ज्या घरात वाढतं त्या घराच्या भाषेतच ते मुरलेलं असतं. थोरल्या भावाच्या वाटीत खीर जास्त पडली की दोन-अडीच वर्षांचं पोरही भोकाड पसरतं, ते उगीच नव्हे. कमी काय आणि जास्त काय, हे त्याला कळू लागलेलं असतं.

असं असताना शाळेत मात्र पुष्कळ मुलांना मोजमाप अवघड जातं. याचं कारण काय असावं? तिसरीतल्या एखाद्या मुलाच्या हाती पट्टी द्या आणि पेन्सिल मोजायला सांगा. ते पट्टीवरचा आकडा वाचून 'बारा' म्हणून सांगेल. "बारा काय रे?" असं विचारलंत तर कित्येकदा ते आपल्या तोंडाकडे पाहत राहील. आता तीच पेन्सिल पट्टीवर शून्यापासून न लावता दोनच्या खुणेपासून लावा. दुसरं टोक चौदावर येईल आणि मूल बेधडक 'चौदा' म्हणेल. पेन्सिल तीच आहे, मग ती दोन सेंटिमीटरनं वाढली कशी, हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्याला आकडा वाचता येतो, पण तो आकडा कशाचा हे ठाऊक नसतं.

तेव्हा आज मला एवढंच सांगायचं आहे की, मोजमापाची सुरुवात पट्टीपासून किंवा किलोपासून करू नये. आधी दोन वस्तू ताडून पाहणं, मग आपल्या घरच्या मापानं मोजणं, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप, अशा या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन गाळून एकदम तिसरीवर उडी मारली की पाय घसरणारच.

पहिली पायरी ताडून पाहण्याची. लहान मुलाचा एक शब्द फार आवडता असतो, तो म्हणजे 'मोठं'. लांब काठी मोठी, जड धोंडा मोठा, उंच झाड मोठं, आणि वयानं थोरली असलेली ताईसुद्धा मोठीच. एकाच शब्दात किती निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत पाहा. आपलं पहिलं काम म्हणजे त्यांची फोड करणं. भाजी निवडायला बसलात की मुलापुढं एक दोडका आणि एक तांबडा भोपळा ठेवा. यातलं लांब कोणतं? दोडका. जड कोणतं? भोपळा. मग मोठं कोणतं? इथं मूल अडखळेल. अडखळू द्या. 'कशानं मोठं' हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे त्याला कळणं म्हणजेच शिकणं. कापसाचं बोचकं आणि पाट्यावरचा वरवंटा यांचंही तसंच. दिसायला बोचकं दांडगं, पण उचलायला गेलं की वरवंटा हात खाली ओढतो. डोळ्यांना एक दिसतं आणि हाताला दुसरंच कळतं.

लांब-आखूड, उंच-ठेंगणं, रुंद-अरुंद, जाड-पातळ, जड-हलकं, खोल-उथळ, अशा जोड्या आपल्या भाषेत तयारच आहेत. एका दिवशी एकच जोडी घ्यावी. दोन वस्तूंची तुलना जमली की तीन वस्तू द्याव्या, मग पाच. पाच काटक्या आखूडपासून लांबपर्यंत ओळीनं लाव म्हणावं. आपल्या स्वयंपाकघरात एकावर एक रचलेली उतरंड हा तर क्रम लावण्याचा घरचा धडा. सर्वांत खाली सर्वांत मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान. एकात एक बसणारे डबे मुलापुढं सोडून द्या. बसले तर बरोबर, नाही बसले तर पुन्हा कर. चूक काय झाली हे डबाच सांगतो, आपल्याला ओरडावं लागत नाही.

ताडून पाहताना एक नियम मात्र मुलाला सापडला पाहिजे. दोन काटक्या शेजारी ठेवून एक थोडी पुढं सरकवली, की लहान मूल पुढं आलेल्या काटकीला लांब म्हणतं. ते फक्त पुढचं टोक पाहतं. मागचं टोकही पाहायचं असतं हे त्याला सांगून कळत नाही, करून कळतं. दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभं करा आणि त्यांतल्या ठेंगण्याला गुपचूप उंबऱ्यावर चढवा. बाकीची पोरं लगेच ओरडतील, "बाई, तो उंबऱ्यावर उभा आहे! त्याला खाली उतरवा!" हीच ती गोष्ट. दोघांचे पाय एका जमिनीवर हवेत, दोन्ही काटक्या एका भिंतीला टेकलेल्या हव्यात. उंबऱ्यावरची लबाडी ज्यानं पकडली, त्याला पुढं पट्टीवर शून्यापासून का मोजायचं हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता पाण्याचं पाहू. एकसारखी दोन फुलपात्रं घ्या, दोन्ही सारखी भरा. मूल म्हणेल, सारखंच पाणी आहे. मग त्याच्यादेखत एका फुलपात्रातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि विचारा, आता जास्त कशात? चार-पाच वर्षांचं मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवील. स्वित्झर्लंडमधले झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या अशा उत्तरांचा बारकाईनं अभ्यास केला, आणि मुलांच्या संख्याज्ञानावरचं त्यांचं पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झालं. साधारणपणे सहा-सात वर्षांच्या आतलं मूल पाण्याची उंची तेवढी पाहतं, पेल्याची रुंदी त्याच वेळी ध्यानात घेत नाही, असं त्यांना आढळलं. तेव्हा अशा मुलाला वेडं म्हणू नका, आणि घोकूनही घेऊ नका. "बरं, आता हे पाणी परत फुलपात्रात ओतून पाहा," एवढंच म्हणा. असं पुष्कळदा ओतता ओतता एक दिवस ते आपणहून म्हणेल, "पाणी तेवढंच आहे, पेला बारीक आहे म्हणून उंच दिसतं." दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण त्या दिवशी त्याला खरी कळली म्हणायची.

दुसरी पायरी आपल्या मापानं मोजण्याची. ही पायरी केव्हा लागते? दोन वस्तू शेजारी आणता येत नाहीत तेव्हा. समजा, अंगणातली बाज घरात न्यायची आहे. ती दारातून आडवी जाईल का? बाज न उचलता सांगायचं आहे. मुलांना विचार करू द्या. कुणीतरी हात पसरील, कुणी काठी आणील, कुणी सुतळी. सुतळीनं बाजेची रुंदी घेतली, गाठ मारली आणि ती सुतळी दाराला लावली. सुतळी ही बाज आणि दार यांच्यामधली मध्यस्थ झाली. मोजमापाचं मर्म या सुतळीत आहे. तिथली गोष्ट इथं आणायची ती मापाच्या मार्फत.

सुतळीच्या जागी वीत आली की मोजता येऊ लागतं. बाज किती विती? टेबल किती विती? अंगण किती पावलं? घागरीत किती तांबे पाणी मावतं? मूल मोजत असताना आपण फक्त तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं. दोन वितींच्या मध्ये जागा सुटू नये. एक वीत दुसरीवर चढू नये. आणि मध्येच माप बदलू नये, म्हणजे चार विती झाल्यावर एकदम पावलं मोजायला लागू नये. घागर भरताना तांब्या दर वेळी काठोकाठ भरलेला हवा. एकदा भरलेला आणि एकदा अर्धा, असं झालं की मोजणं फुकट गेलं.

आणि मोजण्याच्या आधी अंदाज घ्यायला विसरू नका. "किती तांबे मावतील, सांग बरं?" कुणी म्हणेल पाच, कुणी म्हणेल वीस. मग मोजायचं. अंदाज चुकला म्हणून हसायचं नाही. उद्या कळशी घेऊ, परवा बादली घेऊ. चार-आठ दिवसांत अंदाज जवळ येऊ लागतात. ज्याला अंदाज आहे त्याच्या मनात ते माप खरोखर उतरलं आहे. पुढं दुकानात चुकीचा आकडा कुणी सांगितला तर त्याच मुलाच्या कपाळाला आठी पडेल.

यातून तिसरी पायरी आपोआप येते. शाळेतलं एकच टेबल बाईंनी मोजलं आणि पहिलीतल्या मुलीनंही मोजलं. बाईंच्या आठ विती भरल्या, मुलीच्या बारा. मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं चुकलं." बाईंनी पुन्हा मोजलं, पुन्हा आठच. मुलीनंही मोजलं, पुन्हा बाराच. मग खरं कुणाचं? असा वाद वर्गात व्हायलाच हवा. थोड्या वेळात एखादं मूल दोघींचे हात जुळवून पाहतं आणि सगळ्यांना उमगतं की दोघींचंही बरोबर आहे, पण वितीच निराळ्या आहेत. "आपण सगळ्यांनी एकच वीत घेऊ या," असं मुलं स्वतः म्हणू लागली, म्हणजे पट्टी त्यांच्या हाती देण्याची वेळ झाली.

श्रोतेहो, वर्गातला हा वाद आपल्या देशानंही पुष्कळ वर्षं घातलेला आहे. आपल्याकडे धान्य मापानं घेत. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ असेल. पण गाव बदललं की शेर बदलायचा. मणाचंच पाहा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे आजच्या हिशेबानं साडेबारा किलोंच्या किंचित वर; आणि सरकारी मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे सव्वासदतीस किलोंचा. शब्द एकच, वजन जवळजवळ तिप्पट. यात नाडला जाई तो अडाणी शेतकरी. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजनं टप्प्याटप्प्यानं व्यवहारात येऊ लागली. त्याच्या आधी, १ एप्रिल १९५७ पासून, रुपयाचे शंभर नवे पैसे झालेच होते. किलो आणि मीटर हे आकाशातून पडलेले नाहीत. माणसांची भांडणं मिटावीत म्हणून माणसांनीच ते ठरवले, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आता ठरलेलं माप शिकवताना महागाची साधनं लागतात असं समजू नका. एक लिटर पाण्याचं वजन जवळजवळ एक किलो भरतं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की वजनं घरी करता येतात. एक सरळ काठी मधोमध बांधून तुळईला टांगा. दोन्ही टोकांना सारख्याच दोन पिशव्या अडकवा. आधी रिकामा काटा समतोल राहतो का ते पाहा. एक बाजू झुकत असेल तर दुसरीकडे पासंग म्हणून खडा बांधा. मग एका पिशवीत पाण्यानं भरलेली लिटरची बाटली ठेवा आणि दुसरीत काटा बरोबर होईपर्यंत वाळू घाला. रिकाम्या बाटलीचं वजन थोडंच असतं. त्यासाठी तसलीच दुसरी रिकामी बाटली वाळूच्या बाजूला ठेवली की हिशेब चोख झाला. ही वाळू म्हणजे आपला किलो. तीच वाळू दोन्ही पिशव्यांत सारखी वाटली की अर्धा किलो, अर्ध्याचे पुन्हा दोन वाटे केले की पाव किलो. अर्धा आणि पाव हे अपूर्णांक पाटीवर येण्याच्या आधी मुलाच्या हाताला कळतात. चिंचोके, गजगे, खडे असल्या बारीक वस्तूंसाठी दोन करवंट्यांचा तराजू पुरतो. पट्टीसुद्धा आधी मुलांनीच करावी. कागदाची एक-एक सेंटिमीटरची चौकटी पट्टी आखा, चौकटी मोजा, आणि त्यानंतर दुकानातली पट्टी शेजारी ठेवा. पट्टीवरचा आकडा म्हणजे तिथपर्यंत किती चौकटी झाल्या त्याची संख्या, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, साधनं नाहीत ही अडचण आपल्या आधीच्यांनीही सोसली आणि तिच्यातून वाट काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या आदिवासी मुलांसाठी विलायती खेळणी आणणं शक्य नव्हतं आणि त्याची गरजही त्यांना वाटली नाही. आसपासचे दगड, बिया, पानं, शंख-शिंपले हेच त्यांचं शिक्षणसाहित्य होतं. आपल्या गावच्या ओढ्यातही गोटे आहेत आणि बांधावर चिंचही आहे.

आता कुणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? आज दुकानात विजेचा काटा आहे, तो आकडा आपणच दाखवतो. खरं आहे. पण आकडा दाखवणारं यंत्र आलं म्हणजे तो आकडा पटतो की नाही हे पाहणारं माणूस जास्तच हवं. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य होतं का, हे पाहणारी मुलगी उंबऱ्यावरची लबाडी पकडणाऱ्या त्या पोरांचीच बहीण.

आणि गोष्ट केवळ पैशाची नाही. जुलाब होऊन मूल कोमेजलं की त्याला साखर-मिठाचं पाणी द्यावं लागतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असं त्याचं प्रमाण आहे. इथं 'सपाट' हा शब्द फार मोलाचा. धान्य मोजताना शीग लावून दिलं तर तो उदारपणा होतो, पण मिठाच्या चमच्याला शीग लागली तर त्या लेकराला अपाय होतो. दवाखान्यातून आणलेली जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यासाठी असेल, तर ती पेलाभर पाण्यात कालवून चालत नाही. आणखी पाहा. अंगणवाडीत ताई लहान मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल कुपोषित ठरतं, आणि साडेअकराहून कमी भरला तर त्याच्या जिवालाच धोका असतो, त्याला ताबडतोब उपचार हवेत. या दोन आकड्यांत अंतर किती? एक सेंटिमीटर. आपल्या बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. तो एक सेंटिमीटर जिला कळतो ती आई वेळेवर दवाखाना गाठते. आज वितीनं बाज मोजणारी मुलगी उद्या अशीच कुणाची तरी आई किंवा अंगणवाडीतली ताई होणार आहे.

म्हणून माताभगिनींनो, स्वयंपाक करताना मूल पायात घोटाळत असेल तर त्याला हाकलू नका. त्याच्या हाती दोन वाट्या द्या आणि विचारा, कोणत्या वाटीत जास्त मावेल? शेतकरी बंधूंनो, दोर मोजताना, पोती भरताना, पेरणीचं अंतर पाहताना मुलाला शेजारी उभं करा आणि अंदाज सांगायला लावा. शिक्षकांनो, येत्या आठवड्यात पट्टी कपाटातच राहू द्या. मुलांना घरून एकेक माप आणायला सांगा. कुणी शेर आणील, कुणी चिपटं, कुणी आजोबांची काठी. त्यांची आपसात तुलना करा, आणि ती मापं कुणाची, कशासाठी होती हे आजी-आजोबांना शाळेत बोलावून सांगायला लावा. शेराचा हिशेब ज्यांना येतो त्यांना आपण निरक्षर म्हणून बाजूला बसवतो. या एका धड्यापुरते तरी तेच गुरुजी होऊ द्या.

मूल चुकीचं उत्तर देईल तेव्हा बरोबर उत्तर सांगण्याची घाई तेवढी करू नका. "लावून पाहा," "ओतून पाहा," "उचलून पाहा," हे तीन शब्द जवळ ठेवा. बाकीचं काम काटकी, पाणी आणि वरवंटा करतील.